चालू डेटाबेसवर मायग्रेशन: नोड, नेक्स आणि पोस्टग्रेस

नोडमधल्या (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) स्कीमा मायग्रेशनवरचे, म्हणजे डेटाबेसातल्या टेबलांची रचना फाइलींतून टप्प्याटप्प्याने बदलण्यावरचे, बहुतेक लेख फाइल तयार करण्यापाशी सुरू होतात आणि रोलबॅकच्या (बदल मागे घेण्याच्या) कमांडपाशी संपतात. लॅपटॉपवरच्या दहा रेकॉर्डच्या टेबलावर सगळंच चालतं. प्रॉडक्शनमध्ये टेबल मोठं असतं, त्यावर सतत वाचन-लेखन चालू असतं, आणि डिप्लॉयच्या (नवा कोड सर्व्हरवर टाकण्याच्या) वेळी काही मिनिटं तरी जुना कोड आणि नवा कोड एकाच डेटाबेसशी बोलत असतात. हे ध्यानात न घेता लिहिलेलं मायग्रेशन आज ना उद्या अडकतं. खालचं सगळं नेक्स (नोडमधून क्वेरी आणि मायग्रेशन चालवणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) धरून आहे. प्रिझ्मा (नेक्ससारखंच दुसरं साधन) किंवा मायएसक्यूएल (दुसरा डेटाबेस) वापरणाऱ्यांना जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

नेक्स हिशेब कसा ठेवतं

'मायग्रेट:मेक' दिलं की नावाआधी वर्षापासून सेकंदापर्यंतचा चौदा आकडी ठसा असलेली फाइल तयार होते. डेटाबेसात नेक्स दोन टेबलं करतं. 'नेक्स_मायग्रेशन्स'मध्ये फाइलचं नाव, बॅच क्रमांक आणि वेळ असते. 'नेक्स_मायग्रेशन्स_लॉक'मध्ये एकच रेकॉर्ड असतो आणि त्यातला 'इज_लॉक्ड' ० किंवा १ असतो. 'मायग्रेट:लेटेस्ट' न चाललेल्या सगळ्या फाइली एका बॅचमध्ये चालवतं, आणि 'मायग्रेट:रोलबॅक' शेवटची अख्खी बॅच उलटवतं. एका डिप्लॉयमध्ये चार फाइली गेल्या असतील तर रोलबॅक चारही मागे घेतं, फक्त शेवटची नाही. एकच मागे घ्यायची तर 'मायग्रेट:डाउन' आहे.

नाव एक्स्टेन्शनसकट साठवलं जातं. त्यामुळे टाइपस्क्रिप्टवाल्यांची एक ठरलेली फजिती होते: एकदा कोणीतरी 'डॉट टीएस' फाइलींवरून मायग्रेशन चालवतं, मग सर्व्हरवर कंपाइल झालेल्या 'डॉट जेएस' फाइली असतात, आणि नेक्स 'मायग्रेशन डिरेक्टरी इज करप्ट' म्हणून थांबतं. करप्ट काहीच झालेलं नसतं, टेबलातलं नाव डिस्कवर सापडत नाही एवढंच. सगळीकडे कंपाइल झालेल्या फाइलीच चालवायच्या, किंवा स्वतःचा 'मायग्रेशन सोर्स' लिहून त्यातून एक्स्टेन्शन काढून नाव परत करायचं. चाललेल्या फाइलीचं नाव बदललं तरी हाच एरर येतो.

मायग्रेशन चालू असताना प्रोसेस मारली गेली तर 'इज_लॉक्ड' १ वरच राहतो आणि पुढच्या वेळी 'मायग्रेशन टेबल इज ऑलरेडी लॉक्ड' असं उत्तर मिळतं. 'मायग्रेट:अनलॉक'ने ते सुटतं. पण ती कमांड देण्याआधी 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' (पोस्टग्रेसमधलं कोणतं कनेक्शन आत्ता काय करतंय त्याची यादी) बघाच. नोडची प्रोसेस मेली म्हणून पोस्टग्रेसमध्ये चालू असलेली क्वेरी लगेच थांबत नाही. लांबलचक अपडेट सर्व्हरवर तसंच चालू असू शकतं आणि तुम्ही त्याच्यावर दुसरं सोडता.

जावास्क्रिप्टच्या खोड्या

नेक्स प्रत्येक मायग्रेशन आपणहून एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील किंवा एकही नाही असा गट) गुंडाळतं. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांडही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, त्यामुळे मध्येच फसलं तर सगळं पूर्ववत होतं. मायएसक्यूएलमध्ये हे सुख नाही: तिथे प्रत्येक ऑल्टर (टेबलाची रचना बदलणारी कमांड) आपला आपण कमिट (पक्का) होतो, म्हणून एका फाइलीत एकच बदल ठेवावा. नाहीतर तीनपैकी दोन झालेले आणि नोंद एकाचीही नाही अशी स्थिती येते, आणि पुन्हा चालवलं की 'कॉलम आधीच आहे'.

हे संरक्षण तीन प्रकारे वाया जातं. पहिला, 'अवेट' राहून जाणं. मायग्रेशनमधलं बदल करणारं 'अप' फंक्शन क्वेरी पूर्ण होण्याआधीच परततं, नेक्स ट्रान्झॅक्शन कमिट करून झाल्याची नोंद करतं, आणि मागाहून आलेल्या क्वेरीला 'ट्रान्झॅक्शन क्वेरी ऑलरेडी कम्प्लीट' ऐकावं लागतं. 'फॉरईच'मध्ये असिंक फंक्शन देणं हा याच चुकीचा दुसरा अवतार. तिथे 'अवेट' दिसतो, पण 'फॉरईच' त्याची वाट बघत नाही. साधा 'फॉर ऑफ' लूप वापरा.

दुसरा प्रकार जास्त वाईट. मायग्रेशनला पॅरामीटर म्हणून मिळालेला 'नेक्स' हा त्या ट्रान्झॅक्शनचा असतो. त्याऐवजी ॲपमधला तयार 'डीबी' ऑब्जेक्ट इम्पोर्ट केला की त्याची क्वेरी पूलमधल्या (उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या संचातल्या) दुसऱ्या कनेक्शनवरून जाते. पहिल्या कनेक्शनने ऑल्टर करून टेबल कुलूपबंद केलेलं असतं, दुसरं त्या कुलपासाठी थांबतं, आणि पहिलं दुसऱ्याच्या उत्तरासाठी नोडमध्ये थांबलेलं असतं. पोस्टग्रेसचा डेडलॉक शोधक हे पकडत नाही, कारण त्याच्या नजरेत पहिलं कनेक्शन नुसतं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलं आहे. कुठलाही एरर न येता सगळं लटकून राहतं. मायग्रेशन लटकलं आणि 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'त 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं, तर पहिल्यांदा फाइलीच्या वरच्या इम्पोर्टच्या ओळी बघा.

तिसरा: मायग्रेशनमध्ये ॲपची मॉडेल्स (टेबलांसाठी कोडमध्ये लिहिलेले क्लास) वापरणं. आज ते चालेल. सहा महिन्यांनी मॉडेलमध्ये नवा कॉलम आला की रिकाम्या डेटाबेसवर जुनी फाइल चालवताना ती अजून अस्तित्वात नसलेला कॉलम मागते. मायग्रेशनमध्ये टेबलाचं नाव आणि कॉलमची नावं थेट लिहायची, ॲपमधून काही आणायचं नाही.

लॉकची रांग

ऑल्टर टेबलला बहुतेक वेळा 'ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह' लॉक लागतं. हे लॉक असताना साधं सिलेक्टही चालत नाही. काम पाच मिलिसेकंदांचं असेल तर काय बिघडलं, असं वाटतं. बिघडतं ते लॉक मिळण्याची वाट बघताना. समजा कुणाचा तरी रिपोर्ट त्या टेबलावर वीस मिनिटं चालला आहे. ऑल्टर त्याच्यामागे रांगेत उभा राहतो, आणि नंतर आलेली प्रत्येक क्वेरी, अगदी एका रेकॉर्डचं सिलेक्टसुद्धा, ऑल्टरच्या मागे रांगेत लागते. नेक्सचा पूल डिफॉल्टने कमाल १० कनेक्शनचा असतो. तो काही क्षणांत भरतो, आणि लॉगमध्ये दिसतं काय, तर 'टाइमआउट ॲक्वायरिंग अ कनेक्शन'. लोक पूल वाढवत बसतात.

उपाय एका ओळीचा आहे: मायग्रेशनच्या सुरुवातीला 'सेट लोकल लॉक_टाइमआउट'ला ३ सेकंद द्या. तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर ५५पी०३ या कोडचा एरर येऊन ट्रान्झॅक्शन मागे फिरतं आणि खोळंबलेल्या क्वेरी सुटतात. मग अर्ध्या मिनिटाने पुन्हा प्रयत्न करायचा. हा पुन्हा करण्याचा लूप मायग्रेशनच्या आत नको, ते चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हवा.

घेतलेलं लॉक कमिटपर्यंत सुटत नाही, हेही लक्षात ठेवावं. म्हणून कॉलम वाढवणं आणि लाखो रेकॉर्डमध्ये त्याची व्हॅल्यू भरणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये करायचं नाही. कॉलम वाढवायला क्षण लागतो, भरायला वीस मिनिटं, आणि लॉक वीस मिनिटं राहतं.

डिफॉल्ट व्हॅल्यूसकट कॉलम वाढवायची भीती मात्र आता सोडायला हरकत नाही. पोस्टग्रेस ११ पासून (२०१८) स्थिर डिफॉल्ट असेल तर टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. प्रत्येक रेकॉर्डला वेगळी व्हॅल्यू देणारं डिफॉल्ट, उदाहरणार्थ यादृच्छिक यूयूआयडी, असेल तर अजूनही लिहिलं जातं.

एका कॉलमचं नाव बदलायचं आहे

'कस्टमर्स' टेबलात 'फोन' नावाचा, रिकामा न चालणारा (नॉट नल) कॉलम आहे, तो 'मोबाइल' करायचा आहे. 'रीनेम कॉलम' क्षणात होतं. पण ज्या क्षणी होतं त्या क्षणी चालू असलेला जुना कोड 'फोन' मागून पडायला लागतो. कोड आधी टाकला तर नवा कोड 'मोबाइल' मागून पडतो. कुठल्याही क्रमाने केलं तरी मधला काळ उरतोच.

नाव नुसतं छान दिसावं म्हणून बदलत असाल तर माझ्या मते बदलू नका. डेटाबेसात 'फोन' राहू द्या आणि क्वेरीत 'फोन ॲज मोबाइल' लिहा. खरंच बदलायचं असेल तर ते टप्प्याटप्प्यानेच होतं.

आधी 'मोबाइल' हा नल चालणारा कॉलम वाढवायचा. मग दोन्ही कॉलमांत लिहिणारा, पण वाचताना 'फोन'च वाचणारा कोड टाकायचा. जुन्या कोडचा शेवटचा पॉड (ॲपची चालू प्रत) बंद झाल्याची खात्री झाल्यावरच जुन्या रेकॉर्डची भरती, म्हणजे 'फोन'मधली व्हॅल्यू 'मोबाइल'मध्ये उतरवणं, सुरू करायची. इथे अट लिहिताना बरेच जण 'मोबाइल इज नल' लिहितात आणि तिथेच चुकतात. डिप्लॉयच्या मधल्या काळात नव्या पॉडने एका ग्राहकाचे दोन्ही कॉलम लिहिले, आणि लगेच जुन्या पॉडने त्याचा फक्त 'फोन' बदलला, तर 'मोबाइल' नल नाही पण शिळा आहे. म्हणून अट 'मोबाइल इज डिस्टिंक्ट फ्रॉम फोन' अशी हवी.

भरती मायग्रेशनच्या फाइलीत नको, वेगळ्या स्क्रिप्टमध्ये हवी. आयडीच्या क्रमाने ५००० रेकॉर्ड घ्यायचे, अपडेट करायचे, कमिट करायचं, शेवटचा आयडी लक्षात ठेवायचा, थोडं थांबायचं, पुढचे घ्यायचे. ऑफसेट वापरू नका, दर फेरीला तो मागचं सगळं पुन्हा मोजत जातो. एक कोटी रेकॉर्डच्या २००० बॅच होतात. एका बॅचला २०० मिलिसेकंद आणि मध्ये तेवढीच विश्रांती धरली तर साधारण सव्वातेरा मिनिटं. एकाच अपडेटमध्ये हे कदाचित लवकर उरकेल, पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक अपडेट रेकॉर्डची नवी प्रत लिहितो. अख्ख्या टेबलाच्या मेलेल्या प्रती एकदम तयार होतात, ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईला) त्यांना हात लावता येत नाही, आणि टेबल फुगून बसतं. लहान बॅचमध्ये ऑटोव्हॅक्यूम मागून साफ करत येतो. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) असेल तर ती किती मागे पडते तेही बघत राहा आणि विश्रांती त्याप्रमाणे वाढवा.

भरती झाली की 'मोबाइल' नॉट नल करायचा. थेट 'सेट नॉट नल' केलं तर ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक धरून सगळं टेबल तपासलं जातं. त्याऐवजी आधी 'मोबाइल इज नॉट नल' अशी चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसाने तपासायची अट) 'नॉट व्हॅलिड' लावून घाला, जी फक्त नव्या लेखनाला लागू होते. नंतर वेगळ्या मायग्रेशनमध्ये 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' करा. ते टेबल वाचतं, पण सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट अडवत नाही. मग 'सेट नॉट नल'. पोस्टग्रेस १२ पासून तो तपासलेली चेक बघून टेबल पुन्हा वाचत नाही. शेवटी चेक काढून टाका. पोस्टग्रेस १८ वर असाल तर नॉट नलच थेट 'नॉट व्हॅलिड' लावता येतो, म्हणजे चेकचा वळसा वाचतो. फॉरिन कीलाही (दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डशी बांधणारी अट) हीच 'नॉट व्हॅलिड' मग 'व्हॅलिडेट' अशी जोडी वापरायची.

पुढच्या डिप्लॉयमध्ये वाचन 'मोबाइल'वर न्यायचं, लेखन दोन्हीकडे चालूच ठेवायचं. हा टप्पा दोन-चार दिवस राहू द्यावा, कारण इथून जुन्या व्हर्जनवर बिनधास्त परतता येतं. मग 'फोन'वरचा नॉट नल काढायचा. हा टप्पा हमखास विसरला जातो, आणि 'फोन'मध्ये लिहिणं थांबवणारा कोड गेल्याबरोबर प्रत्येक नवी नोंदणी फसते. नॉट नल गेला की 'फोन'मध्ये लिहिणं बंद, आणि त्यानंतरच्या रिलीजमध्ये 'ड्रॉप कॉलम'. ड्रॉप क्षणात होतो, कारण पोस्टग्रेस कॉलम नुसता लपवतो. डिस्कवरची जागा लगेच मोकळी होत नाही.

एक बारीक गोष्ट. नाव दिलेली प्रिपेर्ड स्टेटमेंट्स (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा वापरायच्या क्वेरी) वापरत असाल आणि त्यात 'सिलेक्ट स्टार' असेल, तर कॉलम वाढला किंवा गेला की जुन्या कनेक्शनांवर 'कॅश्ड प्लॅन मस्ट नॉट चेंज रिझल्ट टाइप' येतो. कॉलमची नावं स्पष्ट लिहिलीत तर नवा कॉलम वाढल्याने तो येत नाही.

इंडेक्स

साधा 'क्रिएट इंडेक्स' (शोध वेगाने व्हावा म्हणून कॉलमची सूची बनवणं) पूर्ण होईपर्यंत टेबलावरचं लेखन थांबवतो. 'कॉन्करंटली' लावलं तर थांबवत नाही, पण ते ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही. म्हणून त्या फाइलीत 'एक्सपोर्ट्स डॉट कॉन्फिग'मध्ये 'ट्रान्झॅक्शन: फॉल्स' द्यायचं आणि फाइलीत त्या इंडेक्सखेरीज दुसरं काही ठेवायचं नाही. ट्रान्झॅक्शन नसल्याने 'सेट लोकल' इथे निरुपयोगी ठरतो, आणि साधा 'सेट' पूलमधल्या भलत्याच कनेक्शनवर लागू शकतो. स्टेटमेंट टाइमआउट बदलायचा असेल तर तो मायग्रेशनच्या डेटाबेस यूजरवरच लावून ठेवा.

कॉन्करंटली इंडेक्स मध्येच फसला तर तो नाहीसा होत नाही. 'इनव्हॅलिड' अवस्थेत पडून राहतो: क्वेरी त्याचा उपयोग करत नाहीत, पण लेखनाला त्याचा भार पडतच राहतो. आणि फाइलीत 'इफ नॉट एक्झिस्ट्स' लिहिलं असेल तर दुसऱ्या वेळी पोस्टग्रेस त्याच नावाचा इंडेक्स आहे असं बघून गप्प पुढे जातो. मायग्रेशन यशस्वी, इंडेक्स बिनकामाचा. म्हणून त्याच फाइलीत आधी 'ड्रॉप इंडेक्स कॉन्करंटली इफ एक्झिस्ट्स' आणि मग क्रिएट, अशा दोन वेगळ्या कमांड. शंका असेल तर 'पीजी_इंडेक्स'मधला 'इंडइजव्हॅलिड' बघा. युनिक कन्स्ट्रेंटसुद्धा असाच घालावा: आधी युनिक इंडेक्स कॉन्करंटली, मग 'ॲड कन्स्ट्रेंट'ला 'यूझिंग इंडेक्स'.

आयडी बिगइंट करताना

नेक्सचं 'इन्क्रिमेंट्स' पोस्टग्रेसमध्ये साधा इंटिजर आयडी देतं. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. लॉग किंवा नोटिफिकेशनसारख्या टेबलाला ती कमी पडू शकते, म्हणून तिथे पहिल्यापासून 'बिगइन्क्रिमेंट्स' वापरा. नंतर इंटिजरचा बिगइंट (मोठा पूर्णांक) करणं म्हणजे लॉकखाली सगळं टेबल पुन्हा लिहिणं, आणि ते टाळायचं तर वर नाव बदलताना केली तीच सगळी कसरत. व्हारचारची लांबी वाढवणं किंवा त्याचा टेक्स्ट करणं मात्र टेबल न लिहिता होतं.

डेटाबेस सुखरूप बदलला तरी नोडमध्ये आणखी एक गंमत वाट बघत असते. 'पीजी' ड्रायव्हर बिगइंट स्ट्रिंग म्हणून परत करतो. काल '४२' हा आकडा होता, आज तो मजकूर आहे. तीन बरोबर-चिन्हांची तुलना खोटी ठरते, मॅपमधली की सापडत नाही, आणि आयडीमध्ये १ मिळवला की ४२१ होतात. 'पीजी'च्या 'टाइप्स डॉट सेटटाइपपार्सर'ला २० हा प्रकार क्रमांक देऊन आकडा परत मिळवता येतो. जावास्क्रिप्टचा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत बिनचूक असतो, आयडीला तेवढं पुरतं. पण हा बदल सगळ्या ॲपला लागतो. 'काउंट'चं उत्तरही बिगइंटच असतं आणि तुमच्या कोडमध्ये कुठेतरी त्याला 'पार्सइंट' लावलेलं असेल. ते चालत राहील. ती स्ट्रिंगच आहे असं धरून लिहिलेलं बाकीचं मात्र तपासून घ्या.

चालवायचं कुठून

ॲप सुरू होतानाच 'मायग्रेट:लेटेस्ट' बोलावणं एका सर्व्हरपुरतं ठीक. कुबरनेटिसवर (ॲपचे पॉड चालवणारी यंत्रणा) सहा पॉड एकदम उठतात, एकाला लॉक मिळतं, बाकीचे एरर देऊन पडतात. ज्याला मिळालं त्याचं मायग्रेशन लांबलं तर लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ते तपासणारा) त्यालाच मारतो आणि 'इज_लॉक्ड' १ वर राहतो. कोड पसरवण्याआधी एकदाच चालणारा वेगळा जॉब ठेवा. त्याला डेटाबेसचा वेगळा यूजर द्या, आणि ॲपच्या यूजरकडे रचना बदलायचा अधिकारच ठेवू नका. असं केलं की नव्या टेबलावर ॲपच्या यूजरला 'परमिशन डिनाइड' येतं. 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' एकदा लावून ठेवलं की सुटतं.

मध्ये पीजीबाउन्सर (ॲप आणि पोस्टग्रेसमध्ये बसून कनेक्शन वाटून देणारा) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (दर ट्रान्झॅक्शनला वेगळं कनेक्शन मिळू शकतं) असेल तर मायग्रेशनसाठी त्याला टाळून थेट पोस्टग्रेसला जोडा. नेक्सचं लॉक टेबलात असल्याने ते तरून जातं, पण प्रिझ्मा आणि नोड-पीजी-मायग्रेट (आणखी एक मायग्रेशन साधन) सेशनला, म्हणजे एका कनेक्शनला, बांधलेलं ॲडव्हायझरी लॉक (टेबलाला न लागणारं, साधनानेच मागून घेतलेलं) घेतात, आणि ट्रान्झॅक्शन मोडमध्ये सेशनचा भरवसा नसतो.

प्रिझ्माबद्दल आणखी थोडं. स्कीमा फाइलीत फील्डचं नाव बदललं की 'मायग्रेट डेव्ह' जुना कॉलम ड्रॉप करून नवा घालणारं एसक्यूएल बनवतं, म्हणजे डेटा गेला. '--क्रिएट-ओन्ली' देऊन फाइल आधी बनवून घ्या, वाचा, हाताने दुरुस्त करा, मग चालवा. प्रॉडक्शनवर फक्त 'मायग्रेट डिप्लॉय'. एखादं फसलं तर पुढची सगळी पी३००९ हा एरर देऊन अडतात. डेटाबेसात काय झालं ते बघून 'मायग्रेट रिझॉल्व्ह'ने ते झालं की मागे घेतलं हे सांगावं लागतं.

'डाउन' (बदल मागे घेणारं फंक्शन) लिहावं का, यावर वाद चालतात. लोकल ब्रँच बदलताना ते उपयोगी पडतं, त्यासाठी लिहावं. प्रॉडक्शनवर त्याच्या भरवशावर राहू नये: ड्रॉप केलेल्या कॉलमचं डाउन रिकामा कॉलम परत आणतं, त्यातला डेटा नाही. तिथे दुरुस्ती नव्या मायग्रेशननेच करायची.

सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एवढं तरी ठेवा: रिकाम्या पोस्टग्रेसवर, प्रॉडक्शनचंच मेजर व्हर्जन घेऊन, पहिल्यापासूनची सगळी मायग्रेशन्स चालवायची. मग 'पीजी_डम्प'ला '--स्कीमा-ओन्ली' देऊन निघालेली फाइल रिपॉझिटरीतल्या फाइलीशी ताडून बघायची. फरक निघाला तर बिल्ड फसवायचा. कुणी चाललेल्या फाइलीत मागाहून बदल केला तर नेक्स ते पकडत नाही, कारण ते फक्त नाव बघतं, आतला मजकूर नाही. या डम्पच्या फरकात ते दिसतं. महिन्यातून एकदा प्रॉडक्शनचाही तसाच डम्प काढून त्याच फाइलीशी ताडा. रात्री दोन वाजता कुणी हाताने घातलेला इंडेक्स तिथे सापडतो.